पाहिजेत : काका

जून महिन्यात आमच्या खुल्या स्काउट पथकाकडे पालकांची रीघ लागते. ‘सर, याला जरा शिस्त लावा,’ म्हणत पोराला आमच्या हवाली करतात आणि स्कूटर बंदही न करता पसार होतात.

स्काउट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल याने १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा मुलं होती वीसेक. पुढे त्याने लिहून ठेवलं, पथकात शक्यतो बत्तीसच्या वर मुलं नकोत. त्याचा हिशेब असा, की मला स्वतःला सोळाच नीट सांभाळता येतात. बाकीचे माझ्या दुप्पट कर्तबगार असणार असं धरलं, म्हणून बत्तीस. बोअर युद्धात मॅफेकिंगचा वेढा २१७ दिवस झेलणारा सेनापती सोळा पोरांपुढे हात टेकतो, हे वाचून मला फार धीर आला. बाकीच्यांच्या कर्तबगारीचा त्याचा अंदाज मात्र आमच्या कॉलनीत साफ चुकला असता.

मुलांचं तसं निभतं. सहा ते आठ जणांचा संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक. तेरा वर्षांचा नायक सात जणांना ज्या वचकाने पंगतीला बसवतो, तो मला माझ्या घरी जमलेला नाही. अडतं ते मोठ्या माणसांपाशी. ‘शनिवार-रविवार सोडून केव्हाही हाक मारा,’ असं सांगणारे पुष्कळ. आणि आमची सभा रविवारी! व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन केलं तर अंगठ्यांचा नुसता पाऊस पडतो. त्या अंगठ्यांमागचा एकही हात तंबू ठोकायला येत नाही.

म्हणून आता मी आवाहन करत नाही, फूस लावतो. ‘तुमची गाडी मोठी आहे, शिबिरावर तांदळाचं पोतं तेवढं पोचवता का?’ पोतं उतरलं की चहा. चहा संपला की तंबूची दोरी हातात द्यायची, ‘जरा धरता?’ दोरी हातात आलेला मराठी पुरुष गाठ मारल्याशिवाय राहत नाही. ती सुटते. मग त्याचाच मुलगा सगळ्यांसमोर त्याला क्लोव्ह हिच नावाची गाठ शिकवतो. पुढच्या रविवारी बाप घरून सराव करून हजर!

आपण होऊन, फारच उत्साहाने आलेल्या माणसाची मात्र मी आधी कसून चौकशी करतो. मुलं दुसऱ्यांची आहेत. तिथे भीड कामाची नाही.

पोतंवाल्या काकांना शेवटी स्काउटमास्तरांच्या बेसिक कोर्सला धाडलं. तिथे मोठ्यांचेही संघ पाडतात. ऑफिसात ज्यांच्या टेबलावर चहा येतो असे साहेब पातेली कोणी घासायची यावरून भांडतात आणि अखेर घासतात.

काका परतले आणि दोनच दिवसांत त्यांच्या बायकोचा फोन आला. तक्रारच असणार म्हणून मी आवाज मऊ करून घेतला.

‘सर, हे आता स्वतःचं ताट स्वतः घासतात,’ काकू म्हणाल्या. ‘पुढचा कोर्स कधी आहे? आणि त्यात स्वयंपाक असतो ना?’