वीस पडले तरी नाही

रखवालदाराला पटवून किल्ल्यात कसं शिरायचं, हे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पुस्तकात अगदी सरळ सांगितलंय. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात आपल्या पात्राच्या अंगच्या गुणाचे आणि शिकलेल्या कौशल्याचे आकडे मिळवा. बेरीज डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ठरवलेल्या आकड्याला पोचली की जमलं. सोप्या कामाला दहा, मध्यमला पंधरा, अवघडला वीस, जवळजवळ अशक्यला तीस. याला म्हणतात स्किल चेक. वाद घालायला जागाच नाही. पण पुस्तक लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी आमचा सीए मित्र बसलेला नव्हता.

शनिवारी रात्री पुण्यातल्या आमच्या हॉलमध्ये पाच खेळाडू जमतात. मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर. राजा मी, राक्षस मी, कुलूप मी, पाऊस मी आणि चहाही मीच. कपाटाच्या दारावर आमच्या घरच्या नियमांचा कागद चिकटवलाय. त्यावर कुणाचंही नाव नाही. पण कुठला नियम कुणामुळे आला, हे विचारावं लागत नाही.

पहिला नियम सीएचा. फाशावर वीस पडले की हल्ला लागतोच, असं पुस्तक म्हणतं. स्किल चेकला मात्र ही सवलत नाही. तिथे बेरीजच बघायची. पण वीस पडलेल्या माणसाला हे सांगून बघा! २०२२ साली प्रकाशकांनीच एका चाचणी मसुद्यात ‘वीस पडले की चेकही यशस्वी’ असं सुचवलं होतं आणि नंतर ते काढून टाकलं. सीएला त्यातलं फक्त सुचवलेलं आठवतं. त्याने भर दरबारात राजाकडे राज्य मागितलं, फासा टाकला आणि वीस पाडून उभा राहिला. राजाला तो विनोद फार आवडला, त्याने सीएला मारलं नाही. वीस पडल्याचं फळ ते हेच, हे पटवण्यात चहाच्या दोन फेऱ्या गेल्या.

दुसरा नियम ‘मी पण टाकतो’वाल्यांसाठी. भाचीची जादूगारीण प्राचीन लिप्या शिकून आलेली. शिलालेख वाचायला तिला चार पडले, अधिक पाच, नऊ. हवे होते पंधरा. लगेच मेव्हणा म्हणाला, “मी पण टाकतो.” त्याचा बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, अक्षरशत्रू, बुद्धीचा आकडा उणे एक. पडले एकोणीस. वजा जाता अठरा, आणि गड्याने शिलालेख घडाघडा वाचला. भाची त्या रात्री त्याच्याशी बोलली नाही. एकाला वीस पडण्याची शक्यता पाच टक्के. पाचही जणांनी टाकला तर कुणाला तरी पडण्याची जवळजवळ तेवीस. तेव्हा आता ज्याला विद्या येते त्यानेच फासा टाकायचा. दुसऱ्याने फार तर मदत करावी. मग टाकणाऱ्याला दोन फासे मिळतात, मोठा आकडा धरायचा.

तिसरा नियमही मेव्हण्याचाच. हा गृहस्थ विमा विकतो. त्याच्या बार्बेरियनला बोलण्याचं अंग नाही, पण मेव्हण्याला आहे. त्याने राक्षसी ऑर्क रखवालदाराला विचारलं, “साहेब, उद्या तुम्हाला कुणी तलवारीने कापलं, तर वहिनींचं काय?” ऑर्क सही करायच्या बेतात होता. उलट आमच्या वहिनींची गायिका शब्दांनी दगडाला पाझर फोडणारी, आणि वहिनी स्वतः म्हणतात, “त्याला सांगा, सोड म्हणावं.” म्हणून नियम असा: काय मागायचं ते सांगा, भाषण कितीही रंगो, फासा पात्राचाच. वहिनींना सतरा पडले, अधिक पाच, बावीस. ऑर्कने दार उघडलं, वर कंदील धरून वाट दाखवली. मेव्हणा अजून म्हणतो, “लीड माझी होती.”

चौथा नियम: चाहूल घ्यायचा फासा मी पडद्याआड टाकणार. कारण समोर तीन पडलेले दिसले आणि मी “दारामागे काही ऐकू येत नाही” म्हणालो, की सगळे दारापासून चार पावलं मागे सरकतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ छापला, तेव्हा त्यात स्किल चेक नव्हतेच. बाकीचं तुमचं तुम्ही कल्पनेने ठरवा, असाच एकूण सूर होता. म्हणजे कपाटावरच्या कागदाला मूळ पुरुषांचा आशीर्वाद आहे.

पण खरी गोम वेगळीच आहे. डीएम या जमातीला तोंडावर नाही म्हणवत नाही. कुणी राज्य मागितलं की आम्ही म्हणतो, “टाक फासा.” मुलाने बाइक मागितल्यावर वडील “बघू” म्हणतात, तसंच. फरक इतकाच, की बाइकच्या बाबतीत पाच टक्केही आशा नसते. म्हणून कागदावर शेवटचा नियम चढला: उत्तर आधीच ठरलेलं असेल तर फासा टाकायचा नाही, सरळ सांगायचं.

नियम एकमताने मंजूर झाला. लगेच सीएने विचारलं, “मग राजा राज्य देतो का?”

“नाही,” मी सरळ सांगितलं.

“राजा खरं बोलतोय की खोटं, हे ओळखायला फासा टाकू?”