डोंगर, तिसऱ्या मजल्यावरून

सिंगापुरात सगळं मिळतं, फक्त डोंगर मिळत नाही. देशातलं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण म्हणजे बुकित तिमाह, उंची जेमतेम १६४ मीटर. आपली कळसूबाई १६४६. हा दहापटीचा हिशेब आमच्यातल्या सातारकरांनी विमानतळावरून शहरात येतानाच मांडला आणि पुढे भेटेल त्याला ऐकवला. टॅक्सीवाल्या चिनी काकांनी तर 'कॅन, कॅन' म्हणत मान डोलावली. आपला मुद्दा त्यांना पटला, असं सातारकर आजही समजतात.

तरीही आमच्या सिंगापूरकर मित्राने रविवारी आम्हाला डोंगरावर न्यायचं ठरवलं. इथे राहून हा गृहस्थ इतका शिस्तीचा झालाय, की व्हॉट्सअ‍ॅपवर कार्यक्रम मिनिटांत पाठवतो. 'हार्बरफ्रंट ९.१०. मोनोरेल ९.२५. डोंगर १०.००. डोंगर उतरणे : अर्धं मिनिट.' शेवटची ओळ वाचून कोथरूडकरांनी विचारलं, "हे टंकलेखन चुकलंय की आपण पडणार आहोत?"

चुकलं नव्हतं. सेंटोसा बेटावरच्या इम्बिया टेकडीवरून झिपलाइनने खाली यायचं होतं.

या डोंगराची वाट मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर सुरू होते. सेंटोसाची मोनोरेल तिथूनच सुटते. सातारकर ट्रेकिंगचे बूट, कानटोपी, टॉर्च आणि शंभर फूट दोर घेऊन आले होते. चपलांच्या आणि अत्तरांच्या दुकानांमधून ते सरकत्या जिन्याने वर चढत होते, तेव्हा एका लहान मुलाने त्यांच्याकडे आदराने पाहिलं. कोथरूडकर वहिनींच्या पिशवीत बाकरवडी होती. पण मेट्रोत खाल्लं तर पाचशे डॉलरपर्यंत दंड, हे ऐकल्यापासून त्या पिशवी नवजात बाळासारखी छातीशी धरून बसल्या होत्या. डोंगराला इम्बिया नावाचं स्वतंत्र स्टेशनही आहे. "कळसूबाईला अजून बारी गावातून चालत जावं लागतं," सातारकर म्हणाले. यात अभिमान किती आणि तक्रार किती, ते कळलं नाही.

वर पोचल्यावर मित्राने पश्चिमेकडे हात करून सिलोसोचा किल्ला कुठे आहे ते दाखवलं. ब्रिटिशांनी इथे समुद्राकडे तोंड करून तोफा बसवल्या होत्या, आणि १९४२ साली जपानी आले ते मलायातून, जमिनीवरून. तोफा फिरवता येत होत्या, त्यांनी तसा माराही केला. पण गोळे बहुतेक जहाजं फोडायचे, पायदळावर त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. सातारकरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "घाट मोकळे सोडले की हे असंच होणार."

मग फॉर्म आला. काही झालं तर जबाबदारी आपली, अशा अर्थाचा मजकूर होता. आम्ही न वाचता सह्या केल्या. कोथरूडकरांनी चष्मा बदलला, पहिल्या कलमापासून वाचायला घेतलं आणि दोन ठिकाणी स्वल्पविराम सुचवले. मागची रांग वाढली. काउंटरवरचा मुलगा हसत राहिला; हसण्याचंही इथे प्रशिक्षण देत असावेत.

झिपलाइनची रचना साधी. वरून खाली ताणलेली पोलादी तार, तारेवर धावणारी कप्पी, कप्पीला अडकवलेले पट्टे आणि पट्ट्यांत आपण. इंजिन नाही, मोटर नाही; सगळं काम उताराचं. इथली उंची पंचाहत्तर मीटर, लांबी साडेचारशे. तार जंगलावरून निघते, सिलोसोची चौपाटी ओलांडते आणि समुद्रातल्या एका टिचभर बेटावर उतरवते. वेग ताशी साठ किलोमीटरपर्यंत जातो.

"पंचाहत्तर म्हणजे काहीच नाही," असं सातारकर काठापर्यंत म्हणत होते. काठावर ते गप्प झाले. खाली झाडांचे शेंडे, त्यापलीकडे समुद्र, समुद्रात नांगरलेली मालवाहू जहाजं. पट्टे तपासणारी मुलगी म्हणाली, "अंकल, उडी मारायची नाही. नुसतं बसायचं आणि पाय उचलायचे."

सातारकर बसले. पाय मात्र उचलेनात. "अहो, आयुष्यभर डोंगरात पाय रोवायला शिकलो," ते मला हळूच म्हणाले, "उचलायला कुणी शिकवलंच नाही." खरं होतं. सह्याद्रीत कितीही उंच गेलं तरी तळव्याखाली कातळ असतो. उंची मीटरमध्ये मोजतात ते पुस्तकात. काठावर ती तळव्यांनी मोजावी लागते.

तेवढ्यात शेजारच्या तारेवरून वहिनी निघूनही गेल्या. ना किंकाळी, ना देवाचं नाव. जाता जाता फक्त "बाकरवडी सांभाळा!" एवढं ऐकू आलं. डोंबिवलीकर तर हसतच बसले. "रोज सकाळी आठ-बाराच्या लोकलला एका हाताने लटकतो. इथे पट्टा देतात, हेल्मेट देतात, वर कुणी ढकलत नाही!"

अखेर सातारकर आणि कोथरूडकर यांची शर्यत लावली, तेव्हा कुठे पाय उचलले गेले. कोथरूडकर सडसडीत, सातारकर भरभक्कम. दोघे एकदमच सुटले. पण चौपाटी येईपर्यंत सातारकर स्पष्ट पुढे होते. कारण सोपं आहे. हवा दोघांनाही जवळपास सारखीच अडवते, पण जड माणसाला खाली ओढणारा जोर जास्त, म्हणून त्याला ती अडवणूक कमी जाणवते. बेटावर उतरल्यावर सातारकरांनी ही पदार्थविज्ञानाची बाजू पार बाजूला सारली आणि पोटावर हात ठेवून जाहीर केलं, "भाकरी आणि तूप. दुसरं काही नाही."

कोथरूडकर मागून आले, घड्याळ पाहिलं आणि तिकिटाला सेकंदांनी भागायला बसले. उत्तर त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

रात्री सेरंगून रोडवरच्या एका दाक्षिणात्य खानावळीत वहिनींनी नवऱ्यासाठी तुपातला डोसा मागवला. "पुढच्या वेळी हरायचं नाही," त्या म्हणाल्या. कोथरूडकरांनी आधी वेटरला जवळ बोलावून विचारलं, सांबार पुन्हा घेतलं तर पैसे पडतात का? पडत नाहीत, असं कळल्यावर त्यांनी वजन वाढवायला तिथेच सुरुवात केली.