दिवाणखान्यातलं आरमार : नवशिक्यांसाठी सूचना

लाकडी जहाजाची प्रतिकृती करायचं मनात आलं, की पहिली सूचना अशी : घरात सांगू नये. सांगितलंच तर खर्चाचा आकडा सांगू नये, आणि ‘दिवाळीपर्यंत होईल’ असं तर मुळीच म्हणू नये. कुठल्या दिवाळीपर्यंत, असं लोक विचारतात.

मग जहाज निवडा. नवशिका हटकून नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’वर झडप घालतो आणि शंभरावर तोफा करता करता विसाव्या तोफेला छंद सोडतो. त्यापेक्षा आपल्या गोदीतलं एखादं घ्यावं. ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईत बांधली, १८१७ साली पाण्यात सोडली, आणि इंग्लंडात हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. तिचे नकाशे विलायतेहून ‘जावा’ नावाच्या जहाजावरून निघाले होते. १८१२च्या अखेरीस अमेरिकनांनी त्या ‘जावा’चाच निकाल लावला आणि नकाशे पुन्हा मागवावे लागले. तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलं, तर एवढं आठवून गप्प बसावं.

प्रमाण १:९६ धरा. म्हणजे तिचा दीडशे फुटी तोफांचा मजला साधारण ४८ सेंटिमीटरचा होतो. पुढची सगळी खरेदी या हिशेबावर ठरते, आणि नेमका हाच हिशेब न करता माणूस बोहरी आळीत शिरतो. येताना त्याच्या हातात रंधा, पटाशी, मोठा शिकंजा आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून घेतलेलं ड्रिल मशीन असतं. हत्यारं झकास आहेत. त्यांनी पाट करावेत. खऱ्या जहाजाची दहा इंची फळी तुमच्या टेबलावर पावणेतीन मिलिमीटरही भरत नाही. तिला रंधा लावायचा अवकाश, की तिचा भुसा होतो.

हे काम सुतारापेक्षा सोनाराच्या जवळचं आहे. म्हणून सोनारांची हत्यारं मिळतात तिथे जा : बारीक कानशी, टोकदार चिमटा, लहान पक्कड, बोटांनी फिरवायचं गिरमिट. पात्यासाठी सर्जिकल सामानाचं दुकान गाठा. अकरा नंबरचं पातं आणि त्याला बसणारी तीन नंबरची मूठ मागा. दुकानदार ‘डॉक्टरसाहेब’ म्हणाला, तर खुलासा करू नका. चिकटवलेल्या फळ्या धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे लागतात. ते गच्चीवर आहेतच. फळी वाकवायची तर गरम पाण्यात भिजवून तापल्या लोखंडावरून हळूहळू फिरवायची. केस सरळ करायचं यंत्र या कामाला उत्तम. ते कोणाच्या मालकीचं आहे, हा विषय प्रस्तुत मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे.

आता लाकूड. मूळ जहाज सागवानी आहे, म्हणून तुम्हीही सागवान आणायला निघाल, तर थांबा. सागाचे रेषे आणि छिद्रं या मापाला फार ठसठशीत दिसतात. शिवाय त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. बारीक, एकजीव पोताचं हेदू बघा. वखारवाला ‘नेमकं किती घनफूट?’ विचारेल तेव्हा ‘कापताना उरलेल्या दोन ढलप्या’ असं उत्तर द्यायची मनाची तयारी ठेवा. फेविकॉल बेताने लावा आणि बाहेर आलेला ओल्या फडक्याने लगेच पुसा. वाळलेल्या गोंदाखाली पॉलिश मुरत नाही; तिथे फिकट डाग उठतो, आणि तो नेमका नाळेवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

रंगाच्या बाबतीत मात्र नवशिक्याचा उत्साह आवरत नाही. फाटकाला लावून उरलेला ऑइल पेंट घरात असतो, तो वाया कशाला घालवायचा? कारण दशांश मिलिमीटरचा थर या मापात जवळजवळ सेंटिमीटरभर जाडीचा होतो. तोफा बुजतात, कोरीवकाम गिळलं जातं, आणि जहाज काकवीत बुडवून काढल्यासारखं दिसतं. अ‍ॅक्रिलिक रंग घ्या, न चमकणारा घ्या, पाण्याने पातळ करा आणि तीन-चार हात द्या; प्रत्येक हातानंतर चारशे नंबरचा पॉलिश पेपर अलगद फिरवा. ट्रिपल झीरोचा ब्रश नुसता बघूनच माणूस हरखतो आणि त्याने अख्खी बाजू रंगवायला बसतो. मग पट्टे उठतात. मोठ्या जागेला रुंद, चपटा ब्रशच हवा.

छटा निवडताना अंतराचा विचार करा. दोन फुटांवरून हे मॉडेल बघणं म्हणजे खरं जहाज १९२ फुटांवरून बघणं. तितक्या लांबून काळा रंग कुचकुचीत काळा दिसत नाही. त्यात थोडा राखाडी मिसळा. ‘अस्सल रंग’ म्हणून कोणी छाती ठोकून सांगू लागलं, तर त्याला ‘व्हिक्टरी’ची गोष्ट ऐकवा. तिच्यावरचे रंगाचे जुने थर तपासल्यावर, ओळखीच्या गडद पिवळ्या पट्ट्यांच्या जागी २०१५ साली गुलाबीकडे झुकणारा फिका रंग आला. जगभरच्या दिवाणखान्यांतली पिवळ्या पट्ट्यांची मॉडेलं एका फटक्यात चुकीची ठरली. कोणी ती पुन्हा रंगवायला घेतली असतील, तर त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. माझं मत विचाराल तर लाकूड चांगलं बसलं असेल तिथे रंगाच्या फंदातच पडू नये. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात पुरे.

शेवटची खरेदी काचेच्या पेटीची. ती नसेल तर धूळ पुसणारं फडकं दोन मिनिटांत वरचे सगळे दोर काढून नेतं. माप देताना ४८ सेंटिमीटरवर विसंबू नका. नाळेपुढे आलेली तिरकी काठी आणि डोलकाठ्यांची उंची मोजून मग सांगा. काचवाला केलेली पेटी परत घेत नाही.