हल्लू चलाना था साब

जॉब कार्डावर निळ्या बॉलपेनानं लिहिलं होतं : 'रॅश ड्रायव्हिंग. वॉरंटी नामंजूर.' खाली माझी सही.

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. सकाळी साखरेची एक आणि रक्तदाबाची अर्धी गोळी घेतो. हैदराबादच्या एमजे मार्केटपाशी रस्ता ओलांडताना बायकोच्या पर्सचा पट्टा धरतो. आजवर मला कुणी कशाच्याही बाबतीत 'रॅश' म्हटलेलं नव्हतं. क्लेम गेल्याचं दुःख मला घरी पोचल्यावर, चहा पिताना झालं. त्याआधी तो कागद घडी करून पाकिटात ठेवताना छातीत जे काही झालं, त्याला दुःख म्हणत नाहीत. चिरंजीवांनी तर कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "बाबा, खरंच?" दहावीनंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच आदरानं बोलत होता.

गाडी मी पन्नाशीला घेतली. लाल. टर्बो इंजिन, दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, स्टिअरिंगच्या मागे गिअर बदलायच्या दोन पट्ट्या. कंपनीचं नाव सांगत नाही. उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक नेमकं वाचणारं निघायचं. शोरूममधला मुलगा म्हणाला होता, शून्य ते शंभर नऊ सेकंदांच्या आत. माझे वडील, नाना, चौऱ्याऐंशी वर्षांचे, शेजारी बसून सरबत पीत होते. ते म्हणाले, "आणि शंभराला पोचल्यावर जायचंय कुठं?"

जायचं होतं ऑफिसला. काचीगुडा ते गच्चीबावली. कोटी, नामपल्ली, मासाब टँक, मेहदीपट्टणम, टोलीचौकी... हैदराबाद ज्यांनी पाहिलंय त्यांना ही नुसती नावं वाचूनही ब्रेकवर पाय गेल्यासारखं होईल. शहराभोवती १५८ किलोमीटरचा आउटर रिंग रोड आहे, तिथं गाडी पळते म्हणतात. पण तो शहराभोवती आहे आणि मी शहरात. ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेन सागराच्या काठी फॉर्म्युला ई ची शर्यत झाली, भारतातली पहिलीच. व्हर्न नावाचा फ्रेंच गडी जिंकला. विजेच्या गाड्या तिकडं सूं सूं करत वळणं घेत होत्या, आणि त्यांच्यासाठी रस्ते बंद केले म्हणून मी लकडी का पूलला पाऊण तास टर्बो चालू ठेवून उभा होतो.

असल्या गर्दीत दोन क्लचांच्या गिअरबॉक्सचं काय होतं, ते मला पुढं कळलं. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा क्लच धड धरतही नाही आणि धड सोडतही नाही. आमच्या घराण्यात जमिनीचे व्यवहार याच पद्धतीनं होतात. प्लेटा एकमेकींवर घासतात, तापतात, आणि या कोरड्या क्लचला थंड करायला तेलही नसतं. एका संध्याकाळी टोलीचौकीला माझी गाडी हिवताप आल्यासारखी थरथरू लागली. समोर अक्षरं उमटली : गिअरबॉक्स तापला आहे, गाडी थांबवा. ती वीस मिनिटं थांबलेलीच होती.

वॉरंटीचे सात महिने शिल्लक होते, म्हणून मी ऐटीत सर्व्हिस सेंटरला गेलो. ॲडव्हायजर भला माणूस. बॉनेट न उघडताच म्हणाला, "चूहा, साब." उंदरानं वायर कुरतडली की वॉरंटी संपते, हे भारतातल्या प्रत्येक सर्व्हिस सेंटरला पाठ असतं. बॉनेट उघडलं. उंदीर आलेला नव्हता. मग 'पेट्रोल में मिलावट' झाली; पंप त्यानंच सुचवलेला निघाल्यावर तो विषय मिटला. क्लच झिजणाराच भाग आहे, हेही बोलून झालं. शेवटी त्यानं टायरकडं पाहिलं, गाडीच्या लाल रंगाकडं पाहिलं, आणि दुःखी स्वरात म्हणाला, "आप जोर से चलाए साब. ये गाडी हल्लू चलाना था." आणि तेच कार्डावर लिहिलं.

हल्लू म्हणजे हळू. इथल्या दख्खनी बोलीत आमचे कितीतरी शब्द नांदतात. 'नक्को' आमचाच. 'वइच', 'ऐसाइच' यांतला 'च' आमचाच. शेकडो वर्षांच्या शेजारात इकडचं तिकडं गेलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमचाच माल वापरून हा माणूस "वारंटी नक्को पूछो साब, रूलइच नहीं है" म्हणतो, तेव्हा आपल्याच वाटीतलं लोणचं शेजाऱ्यानं आपल्याला विकल्यासारखं वाटतं.

मी वाद घातला. वेगाची म्हणून विकलेली गाडी वेगानं चालवली तर वॉरंटी जाते, हे कुठल्या पानावर लिहिलंय? (वाद घालताना मी 'वेगानं चालवली' हे नाकारत नव्हतो, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल.) तो म्हणाला, कंपनीला मेल टाकलाय, उद्या या.

तेलुगू मुलखात जुन्या घरांच्या भिंतींवर पूर्वी लिहिलेलं असायचं : 'ओ स्त्री, रेपु रा.' म्हणजे, बाई गं, उद्या ये. रात्री दार ठोठावणारी हडळ ते वाचते, निमूट परत जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचते. तिला वाचता येतं, पण तारीख समजत नाही. मी पाच आठवडे त्या बाईची नोकरी केली. मेल कधी टाकला, असं विचारलं की उत्तर यायचं, "परसों." हैदराबादी परसों म्हणजे परवा असतो असं नाही. तो गेल्या मंगळवारीही असू शकतो आणि निजामाच्या काळातही. वॉरंटीच्या तारखा मात्र इंग्रजी कॅलेंडरानं चालल्या होत्या.

अखेर गल्लीतल्या वकीलकाकांकडं गेलो. २००६ साली सुप्रीम कोर्टानं क्लचच्याच एका तक्रारीत निकाल दिलाय, असं ते म्हणाले : वॉरंटीत जेवढं लिहिलं तेवढंच मागायचं, दोष असलेला भाग बदलून मिळेल, अख्खी गाडी बदलून नव्हे. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. गाडीला मोजलेले पैसे दहा ते वीस लाखांच्या दरम्यान असतील तर फी ४०० रुपये. मला हुरूप आला. सर्व्हिस सेंटरात गाडी नुसती धुवायलाही याहून जास्त पडतात.

"पण एक आहे," काका चष्मा पुसत म्हणाले, "तू गाडी हळू चालवतोस हे सिद्ध करावं लागेल."

मी गप्प बसलो. पाकिटातला कागद जड झाला.

मेल अखेर पोचला असावा; पुढच्या शनिवारी सर्व्हिस सेंटरला कंपनीची इंजिनिअर आली. ऐन पंचविशीतली तेलुगू मुलगी, हातात लॅपटॉप. दुपारी सगळे मिळून बिर्याणीला जाणार होतो, त्यामुळं नाना, बायको आणि चिरंजीव तिथंच होते. नेमकं त्याच दिवशी. तिनं गाडीला वायर जोडली, दोन मिनिटं पडदा वाचला आणि माझ्याकडं इतक्या कनवाळूपणे पाहिलं, की मला वाटलं आता ती खुर्ची देईल.

"सार, २४,३२० किलोमीटर. इंजिन चालू १,२८० तास." तिनं भागाकार केला. "सरासरी ताशी १९."

"सायकल," नाना म्हणाले.

"साडेचार हजार फेऱ्यांच्या वर इंजिन एकदाच गेलंय सार." चिरंजीवांनी मान वर केली. मीही केली. आउटर रिंग रोडवरची आमची ती एक दुपार! मी त्याला एकशे चाळीस सांगितले होते. तिनं त्या वेळचा किलोमीटरचा आकडा वाचला, मग त्यांच्याकडच्या जॉब कार्डाच्या नोंदीतला वाचला. दोन्ही सारखेच. गाडी पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला आली त्या दिवशीचे. म्हणजे तिच्या हयातीतला एकमेव रॅश क्षण त्यांच्याच पोरानं टेस्ट ड्राइव्हला नेली तेव्हाचा होता.

ॲडव्हायजरनं हॉलच्या या टोकावरून त्या टोकाला मॅनेजरला ओरडून सांगितलं, "क्लेम डालो भई! साब गाडी चलाएच नहीं!" पाना हातात घेतलेले सहा मेकॅनिक वळून बघू लागले. चिरंजीवांनी कानांत बोंडं घातली. नाना मात्र खुलले होते. शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाला माझ्या लहानपणची शिस्त सांगत होते.

क्लच फुकट बदलून मिळणार होता. मुलीनं नवं जॉब कार्ड पुढं केलं. कारणाच्या रकान्यात 'नॉर्मल यूज' लिहिलं होतं. मी सही केली.

"जुनं कार्ड द्या सार," ती म्हणाली, "रद्द करून फाइलला लावायचंय."

"ते हरवलं," मी म्हणालो, आणि पाकीट मागच्या खिशात जरा खोल सारलं.