फक्त उजवीकडे वळणारी गाडी

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस टायरला लाथ मारतो, इंजिनाला कान लावतो, धुराचा रंग बघून मान डोलावतो, सीटवर बसून दोन उड्या मारतो आणि शेवटी ‘बाकी मेंटेन चांगली केलीये’ असं म्हणत खिशात हात घालतो. वायरिंग कोणी बघत नाही. ते काळ्या टेपखाली असतं, आणि ‘जरा टेप सोडून दाखवा’ असं म्हणायला विकणाऱ्यासमोर जीभ रेटत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की जुन्या गाडीच्या इंजिनाची जी काही वाट लागते ती किलोमीटरमुळे, आणि वायरिंगची लागते ती आधीच्या मालकांच्या उतावळेपणामुळे.

आमच्या भावोजींनी एटीव्ही घेतली ती अशीच लाथ मारून. अलिबागच्या बाजूला किनाऱ्यांवर पर्यटकांना वाळूत गरगर फिरवणाऱ्या, फुगीर टायरांच्या चारचाकी गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातलीच एक, चिनी बनावटीची, सीझन संपल्यावर मालकाने विकायला काढली आणि भावोजींनी वाडीत नारळ नि शेणखत वाहायला घेतली. ‘रस्त्यावर न्यायचीच नाही, म्हणजे पासिंग नको, आरटीओ नको,’ हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. टेम्पोतून उतरवताना ती एका झटक्यात चालू झाली. तिने विनातक्रार केलेलं ते शेवटचं काम.

ही जात मुळात बर्फातली. 1970 साली होंडाने अमेरिकेत यूएस90 नावाची तीन फुगीर चाकांची गाडी आणली, कारण हिवाळ्यात तिथल्या डीलरांकडे मोटरसायकली खपत नव्हत्या आणि बर्फात चालेल असं काहीतरी दुकानात हवं होतं. पुढे सुझुकीने चौथं चाक दिलं. तीनचाकी उलटून माणसं जायला लागल्यावर 1988 मध्ये तिकडे तिची विक्री बंदच झाली. चार चाकांनी तोल सावरला खरा, पण खाऱ्या वाऱ्याला चार काय नि तीन काय. वायर म्हणजे आत तांब्याच्या बारीक तारांची जुडी. टोक उघडं राहिलं की ती खारट ओलावा आवरणाखाली आत आत ओढत नेते. वरून वायर लालचुटुक, आत तांबं काळंठिक्कर. सांध्याशी हिरवी भुकटी.

आठवडाभरात गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचा. हॉर्न वाजवला की हेडलाइट डोळे मिटायचा. सेल्फ मारला तर बऱ्याचदा नुसतं ‘टिक’. आणि सगळ्यावर कडी म्हणजे डावीकडे हँडल वळवलं की इंजिन गपकन बंद. सरळ केलं की पुन्हा चालू व्हायला तयार.

भावोजी खचणाऱ्यातले नाहीत. त्यांनी वाडीचा नकाशाच बदलला. गोठ्यापासून फाटकाकडे यायला डावं वळण लागतं; तर ते विहिरीला उजवीकडून पूर्ण वळसा घालून, सुपारीच्या रांगेतून, तीन उजवी वळणं घेत फाटकाशी प्रकट व्हायचे. तीन उजवी म्हणजे एक डावं, हे गणित त्यांनी ताईला काडीने मातीत काढून समजावलं. ‘अहो, डोक्यावर टोपली घेऊन मी एव्हाना दोनदा जाऊन आले असते,’ ताई म्हणाली.

दरम्यान निदान करायला अख्खी आळी येऊन गेली. आपल्याकडे गाडीच्या कुठल्याही विजेच्या दुखण्यावर एकच निदान असतं: ‘बॅटरी गेली.’ दूधवाला म्हणाला बॅटरी. ताईचे सासरे ओटीवरूनच म्हणाले बॅटरी. पंपाची मोटर बघायला आलेल्या वायरमनने तर गाडीकडे न बघता सांगितलं. भावोजींनी मुकाट्याने नवी बॅटरी आणली. दुखणं तसंच राहिलं, तर दूधवाला म्हणाला, ‘नवीन पण डुप्लिकेट लागली असेल.’

मग मला बोलावणं आलं. मी काही मेकॅनिक नव्हे. पण माझ्याकडे मल्टीमीटर आहे, आणि घरात मल्टीमीटर असलेल्या माणसाला नातेवाइकांत बीई इलेक्ट्रिकलचा मान मिळतो.

बॅटरीवर मीटर लावला. 12.7 व्होल्ट. पूर्ण चार्ज. दूधवाल्याची बाजू तिथेच पडली. मग मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर धरलं आणि भावोजींना म्हटलं, ‘ब्रेक दाबून सेल्फ मारा.’ (ब्रेक दाबल्याशिवाय या गाड्यांचा सेल्फ फिरतच नाही, निम्म्या ‘बंद’ गाड्या एवढ्यावरच चालू होतात.) निगेटिव्ह आणि इंजिन म्हणजे एकाच तारेची दोन टोकं, त्यांच्यात व्होल्टेज दिसायलाच नको. फार तर अर्धा व्होल्ट. मीटरने दोनाच्या वर दाखवला. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती, करंटला परतीची वाटच धड नव्हती. निगेटिव्हची जाड केबल चासीला जिथे बोल्टने आवळली होती, तिथे खाली रंगाचा थर आणि रंगाखाली गंज होता.

अर्थिंग खराब असलं की काय होतं, ते मागच्या दिव्यांत फार सुंदर दिसतं. तिथली अर्थची वायर तुटलेली होती. ब्रेकच्या दिव्यात शिरलेल्या करंटला घरी जायचं असतं, पण पुढचं दार बंद. मग तो शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून, म्हणजे इंडिकेटरच्या बल्बमधून, बाहेर पडतो. शेजाऱ्याचा दिवा मिणमिणतो, आणि आपण बिचाऱ्या इंडिकेटरचं स्विच बदलत बसतो.

दुसऱ्या एका वायरीने तर मीटरलाही गंडवलं. टोकाला 12 व्होल्ट पुरे दिसत होते, पण बल्ब लावला की लालसर ठिपका. आत एखाददुसरा तंतू शाबूत असेल तर मीटरला तेवढा पुरतो, कारण मीटर करंट असा काही मागतच नाही. 21 वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो, आणि मग वायरीचं पितळ उघडं पडतं. तेव्हापासून मी महागड्या मीटरइतकाच वायरमनच्या टेस्ट लॅम्पला मान देतो. बॅटरीच्या बाबतीत तो चुकला, पण हत्यार त्याचं बरोबर होतं.

आता टेप सोडणं आलं. उन्हाने चिकट झालेला तो टेप बोटांना, पँटला आणि शेवटी ताईच्या मांजराला लागला. आत लाल वायर निळीला, निळी पिवळीला, आणि मध्येच दारावरच्या बेलची पांढरी बारीक वायर. सांधे नुसते पीळ मारलेले. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून कोंबलेली.

ही चांदी तिथे का आली, ते शोधण्यात माझी दुपार फार मजेत गेली. बऱ्याच गाड्यांत काळी वायर म्हणजे अर्थ. या चिनी गाड्यांत होंडाची पद्धत: हिरवी अर्थ, आणि काळी म्हणजे किल्ली फिरवल्यावर पॉझिटिव्ह येणारी. कोणीतरी हौसेने पुढे एलईडीची पट्टी बसवली होती आणि सवयीने काळीला अर्थ समजून चासीला टेकवलं होतं. किल्ली फिरवली की फ्यूज उडणार. दुसरा घातला, तोही उडाला असणार. मग ‘फ्यूजच भिकार’ असा निष्कर्ष निघाला आणि चांदी आली. चांदी उडत नाही. तिच्याऐवजी वायर पेटते. काळीचं आवरण वितळून तिच्या शेजारणीला चिकटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. धूर निघाल्यावर ती कापली गेली आणि तिच्या जागी बेलची वायर ‘डायरेक्ट’ केली. पट्टी काढून टाकली, चांदी तशीच राहिली. आणि सीटखाली तिच्यापासून पाव इंच जागा सोडून पेट्रोलची नळी जाते.

राहिलं डावं वळण. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या सीडीआयच्या डब्याकडे एक काळी-पांढरी वायर जाते. ती अर्थला टेकली की ठिणगी बंद. लाल किल-स्विच आणि किल्ली दोन्ही हेच काम करतात. ती वायर डब्याकडून सोडवली, मीटर आवाजावर लावला, एक टोक तिला, दुसरं चासीला. हँडल सरळ: शांतता. उजवीकडे: शांतता. डावीकडे: पीईईप! हँडलच्या दांड्यापाशी घासून घासून तिचं आवरण गेलं होतं आणि डावीकडे ओढ बसली की उघडं तांबं लोखंडाला लागत होतं. गाडी दर डाव्या वळणाला स्वतःच स्वतःचं किल-स्विच दाबत होती.

खात्रीसाठी ती वायर सुटीच ठेवून गाडी चालू केली. भावोजींनी डावीकडे वळसा घातला, आणखी एक घातला, हर्षवायू झाल्यासारखे पाच-सहा घातले. मग दिमाखात किल्ली काढून खिशात टाकली. गाडी चालूच. किल-स्विच दाबलं. चालूच. ‘अरे, हिला आता काय झालं?’ ते ओरडले. काहीच झालं नव्हतं. बंद करणारी वायर माझ्या हातात होती. ताईचे सासरे ओटीवरून म्हणाले, ‘बॅटरी काढ!’ पण या जातीची सीडीआय मॅग्नेटच्या कॉइलवर चालते, बॅटरीला विचारतसुद्धा नाही. शेवटी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत सगळं कुटुंब गाडीभोवती उभं राहिलं.

पुढचं काम कंटाळवाणं आणि स्वस्त होतं. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, काळी झालेली टोकं चांगलं तांबं लागेपर्यंत कापली, सांध्यांना कनेक्टर आणि वर गोंदवाली हीट श्रिंक नळी लावली, कप्लरमध्ये व्हॅसलीन भरलं, घासणाऱ्या जागी वायरीला ढिलाई देऊन रबरी नळी चढवली. फ्यूजच्या जागी फ्यूज घातला. सगळं सामान मिळून नव्या बॅटरीच्या पावपट खर्च नाही आला.

तुम्ही अशी गाडी घ्यायला जाल तेव्हा टायरला लाथ जरूर मारा, पण गाडी चालू ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा आणि फ्यूजचं झाकण उघडा. आत चांदी दिसली तर किंमत कमी करून मागू नका, सरळ घरी या. आणि विकणाऱ्यांना हात जोडून विनंती: कुठली वायर कापून कुठे जोडलीत, ते एका कागदावर लिहून सीटखाली ठेवत जा. अक्षर वाईट असलं तरी चालेल.