उलटं ठेवा, लागेल

लेन्सदादांच्या घरी प्लेस्टेशन पालथं पडलेलं असतं. करड्या रंगाचं, वर गोल झाकण असलेलं ते पहिल्या पिढीतलं यंत्र टीव्हीखाली पोट वर करून झोपवलेलं असतं, आणि झाकणावर भार येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना दिवाळी अंकांचे गठ्ठे. नवखा पाहुणा सज्जनपणे ते सुलटं करायला वाकतो, तोच आतल्या खोलीतून आरोळी येते, "राहू द्या! त्याला तसंच बरं वाटतं!"

दादांचं वय पन्नाशीच्या अलीकडे, नोकरी बँकेत, रजा भरपूर शिल्लक. खरं नाव वेगळं आहे, पण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा ते लेन्सदादाच, कारण कुठलंही यंत्र बंद पडलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द 'लेन्स' हाच निघतो. मध्यंतरी लिफ्टचं दार लागेना. दादा म्हणाले, "दाराच्या सेन्सरची लेन्स पुसा." सगळे हसले. वॉचमननं पुसली, तर तिथे खरोखरच कोळ्याचं जाळं निघालं. तेव्हापासून बोलायची सोय उरलेली नाही.

अशी माणसं पुण्यात, मुंबईत, नाशकात कुठेही सापडतात आणि त्यांची घडण एकाच काळातली असते. सोनीचं प्लेस्टेशन जपानात ३ डिसेंबर १९९४ ला निघालं. आपल्या गल्लीत ते पोचलं कुणाच्या तरी दुबईच्या मामाच्या बॅगेतून, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून. अस्सल सीडीची किंमत ऐकून वडील मंडळी विषय बदलायची. मग दुकानदार यंत्र उघडून आत आठ पायांची एक चिप डकवून द्यायचा, आणि पुढे वर्षानुवर्षं राईट केलेल्या सीडींवर अख्खी गल्ली 'टेकन' खेळायची. या व्यवहाराला चोरी म्हणतात हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी आपली पाळी सोडून ऐकायला कोण उठणार होतं?

ती चिप नेमकं काय करते, हे दादा बारशाच्या पंगतीतही सांगू शकतात. सांगतातही. अस्सल सीडीच्या अगदी आतल्या भागात, लेझर ज्या वाटेनं फिरतो त्या वाटेलाच एक बारीक थरथर मुद्दाम दिलेली असते आणि त्या थरथरीत चार अक्षरं दडलेली असतात: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. घरचा रायटर सगळं उतरवतो, पण ही थरथर त्याला काढताच येत नाही. यंत्रानं ओळख विचारली की चिप ती चार अक्षरं परस्पर सांगून मोकळी होते. गल्लीतल्या मुलांचा मात्र ठाम समज होता की खरी गंमत अस्सल सीडीच्या काळ्याभोर पाठीत आहे. तो रंग निव्वळ दिखाऊ. लेझर ७८० नॅनोमीटरचा, इन्फ्रारेड; त्याला तो काळेपणा आडवा येतच नाही. इथे दादा जिलबीचा तुकडा हातात धरून थांबतात आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. समोरचा मठ्ठा मागवतो.

आता उलटं ठेवण्याची गोष्ट. हसण्यावारी नेण्यासारखी ती नाही. पहिल्या मॉडेलांत लेझरचं मुंडकं प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून मागेपुढे सरकायचं आणि त्याच्या शेजारीच पॉवर सप्लाय तापत असायचा. घासून आणि तापून पट्ट्या झिजल्या की मुंडकं कलायचं, सीडीवर त्याची नजर ठरायची नाही, सुरुवातीची फिल्म अडखळायला लागायची. यंत्र पालथं केलं की भार दुसऱ्या अंगावर यायचा आणि मघापासून घरघरणारी सीडी गपगुमान लागायची. जगभरच्या पोरांनी हा उपाय आपापल्या घरी शोधून काढला. पुढच्या मॉडेलांत लेझर पॉवर सप्लायपासून लांब नेला गेला. थोडक्यात, दादांच्या आयुष्यातला पहिला तोडगा शंभर टक्के शास्त्रीय होता, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. इतका वेडगळ दिसणारा उपाय लागू पडल्यावर पुढच्या कुठल्याही उपायाला वेडगळ म्हणायचं कसं?

दादांचा खरा दोष असा की ते एका वेळी एकच गोष्ट बदलत नाहीत. सीडी लागली नाही की ते लेन्स पुसतात, सीडी पुसतात, यंत्र फिरवतात, पंखा बंद करतात आणि वर पाच मिनिटं सगळं थंड होऊ देतात. सीडी लागते. कशामुळे लागली? कळायला मार्ग नाही. म्हणून पुढच्या खेपेला पाचही गोष्टी, त्याच क्रमानं. असं करत करत पंचवीस वर्षांत त्या हॉलमध्ये इतकं सोवळं साचलंय की त्यापुढे माझ्या आजीचं स्वयंपाकघर मोकळंढाकळं वाटावं. सीडी राईट होत असताना मिक्सर लावायचा नाही. संगणकावर दुसरं काही उघडायचं नाही. टेबलावर कोपर टेकवायचं नाही. आणि त्या वेळी आलेल्या माणसानं दारातच उभं राहायचं.

याही नियमांना कुठेतरी बूड असतं, हीच पंचाईत. जुन्या रायटरकडे येणारा माहितीचा ओघ क्षणभर तुटला तरी सीडी वाया जायची. बफर अंडररन म्हणायचे त्याला. २००० च्या सुमारास रायटरमध्येच त्यावर तोड आली: ओघ तुटला तर थांबायचं आणि होतं तिथून पुढे लिहायचं. दादांनी नियम ठेवला, तोड कानाआड केली. मिक्सरचा त्याच्याशी संबंध काय, हे वहिनी अजून विचारतात. शनिवारी त्यांच्याकडे चटणी पाट्यावर वाटली जाते.

कोऱ्या सीडी घेताना दादांना बघावं. तापकीर गल्लीत हल्ली सीडी मागितली की दुकानदार आधी आपल्याकडे आणि मग माळ्याकडे बघतो. धुळीनं माखलेलं पन्नासांचं डबडं खाली येतं. दादा ते उजेडाकडे धरून तळ न्याहाळतात. गर्द निळी दिसली तर अझो, हिरवट निळी असेल तर सायनिन, फिकट असेल तर थॅलोसायनिन. हे त्या सीडीतल्या रंगांच्या थरांचे प्रकार. राईट करणं म्हणजे हा थर लेझरनं जागोजागी भाजणं. कारखान्यातल्या सीडीत खरोखरचे खड्डे दाबलेले असतात, इथे नुसते डाग. नव्या डोळ्यांना फरक पडत नाही, पण थकलेल्या लेझरला पडतो. दादा डबडं फिरवून फिरवून बघत राहतात. शेवटी दुकानदार म्हणतो, "काका, सीडी घेताय की पत्रिका जुळवताय?"

त्यांचं दैवत म्हणजे ताइयो युडेन. सीडी-आर जन्माला घालण्यात वाटा असलेली ही जपानी कंपनी २०१५ च्या अखेरीस या धंद्यातून बाहेर पडली. दादांकडे तिच्या काही कोऱ्या सीडी कपाटात, लग्नाच्या शालूखाली आहेत.

"त्या कधी वापरणार?" मी एकदा विचारलं.

"वेळ आली की."

"म्हणजे?"

"आली की कळेल."

बी विंगमधल्या एका गृहस्थांनी एकदा पैसे वाचतील म्हणून आरडब्ल्यू सीडीवर गेम उतरवून आणला. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या या सीडीवरून जेमतेम पंधरा ते पंचवीस टक्के प्रकाश परत येतो. साध्या सीडी-आरवरून साधारण सत्तर टक्के. दादांच्या यंत्रानं तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. दादांनी त्या गृहस्थांकडे बघणं पुढच्या गणपतीपर्यंत बंद ठेवलं.

खरा धर्मग्रंथ मात्र वेगाचा. दादा कुठलीही सीडी ४ एक्सच्या वर राईट करत नाहीत. प्लेस्टेशन स्वतः २ एक्सनं, सेकंदाला तीनशे किलोबाइटनं वाचतं, तेव्हा जितकं सावकाश लिहावं तितकं त्याला सुवाच्य, असा त्यांचा सिद्धान्त. १९९८ च्या सीडींना तो लागू होता. हल्लीच्या सीडींतला थर ५२ एक्सच्या घाईसाठी बनवलेला असतो. त्याला फार रेंगाळत भाजलं तर उलट वाईट उमटतं, असंही होतं. पण त्याहून मोठी गंमत मला दादांच्या पुतण्यानं दाखवली. दादा ४ एक्स निवडून, हात जोडून, दिवा मालवून खोलीबाहेर येतात. आत तो रायटर सरळ १६ एक्सनं लिहून मोकळा होतो, कारण त्याहून हळू चालणं त्याला येतच नाही. तसं तो सॉफ्टवेअरच्या नोंदीत लिहूनही ठेवतो: मागितला इतका, मिळाला इतका. दादांनी ती नोंद कधी उघडलेली नाही. आणि गंमतीतली गंमत म्हणजे त्या सीडी उत्तम लागतात.

रविवारी सकाळी दादांचा दवाखाना असतो. परवा एक कॉलेजचा मुलगा काकांचं जुनं प्लेस्टेशन पिशवीत घालून आला. सीडी लागत नाही म्हणाला. दादांनी यंत्राला हात न लावता सीडी मागितली, तिरकी धरली, वास घेतला.

"काय टाकलंस हिच्यावर?"

"गेमची बिन फाइल, काका."

"आणि क्यू फाइल?"

"ती एवढीशी होती. डिलीट केली."

दादांनी डोळे मिटले. क्यू फाइल दोन-चार ओळींचीच असते, पण कुठला ट्रॅक डेटाचा, कुठला गाण्याचा, कुठे सुरू होतो, हे तीच सांगते. तिच्यावरून राईट करायचं असतं. या पोरानं बिन फाइल लग्नाच्या फोटोंसारखी नुसती सीडीवर टाकली होती. पाचव्या मिनिटाला निदान झालं, अचूक झालं, मुलगा पाया पडायला वाकला. इथे दादांनी थांबायला हवं होतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागवला.

कारण दादांच्या मते आलेल्या रुग्णाचा पॉट जरासा फिरवलेला बरा असतो. लेझरच्या पट्टीवर तिळाएवढा एक स्क्रू असतो. तो फिरवला की लेझरला जास्त प्रवाह मिळतो. डोळे मिटत आलेला लेझर एकदम तरतरीत होतो, राईट केलेल्या सीडी धडाधड वाचतो आणि काही दिवसांनी कायमचा विझतो. दादांचे बरे झालेले बरेच रुग्ण याच वाटेनं गेले. त्यांना विचारलं तर म्हणतात, "गेला, पण शेवटपर्यंत वाचत होता." मुलानं पिशवी उचलली आणि क्लासची वेळ झाल्याचं सांगून तो निसटला.

वहिनींचं या सगळ्याशी फारसं वाकडं नाही. त्या पहिल्या मॉडेलच्या पाठीमागे लाल-पांढऱ्या वायरींची भोकं असतात, आणि साध्या गाण्यांच्या सीडी त्यातून इतक्या सुरेल वाजतात की परदेशात हौशी लोक ते निव्वळ सीडी प्लेअर म्हणून जपतात. 'लेन्स शाबूत आहे की नाही' हे तपासायला दादा गाण्याचीच सीडी लावतात: गाणं वाजलं आणि गेम लागला नाही, तर दोष राईट केलेल्या सीडीचा. कसोटी रास्त आहे. त्यांनी त्यासाठी भीमसेनांची 'अभंगवाणी' घेतली. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, क्षणभर ऐकलं, मग खाली बघितलं.

"अहो, विठ्ठलाचं नाव चाललंय. ते आधी सुलटं करा."

सुलटं केल्यावर पंडितजी अडखळायला लागले. शेवटी तडजोड म्हणून यंत्र आडव्या कुशीवर ठेवण्यात आलं. एकादशीला ते आता कुशीवरच असतं.

खेळण्याचं विचाराल तर दादा खेळत नाहीत. 'ब्रायन लारा क्रिकेट' लागतं, नाणेफेक होते, बॉयकॉटसाहेबांचा आवाज न फाटता ऐकू येतो, दादा मान डोलावतात आणि बटण बंद करतात.

गेल्या महिन्यात हिंजवडीचा तो पुतण्या एक छोटी पाटी घेऊन आला. सीडी ड्राइव्ह काढून टाकायचा, तिथे ही पाटी बसवायची, मेमरी कार्डावर सगळे गेम. लेझर नाही, पट्ट्या नाहीत, सीडीच नाही. त्यानं ती दादांच्या दुसऱ्या, माळ्यावरच्या यंत्रात बसवली, हातासरशी डाग दिला आणि यंत्र टेबलावर चक्क सुलटं ठेवलं. बटण दाबलं. यादी आली. एक गेम लावला, लागला. दुसरा लावला, लागला. फिल्म कुठेच अडखळेना. खोलीत घरघर नाही, काही नाही. वहिनी म्हणाल्या, "बाई गं, आता मिक्सर लावू?"

दादा दोन्ही हात मागे बांधून यंत्राभोवती एक चक्कर मारून आले. मग खाली बसले आणि चष्मा कपाळावर सरकवून पुतण्याला म्हणाले, "कार्ड कुठल्या कंपनीचं घेतलंस?"

त्यानं सांगितलं.

"फॉरमॅट कशात? फॅट-३२ की एक्सफॅट?"

"एक्सफॅट, काका."

"हं. आणि गेम कॉपी करताना घाई केलीस का?"

"कॉपीला काय घाई, काका? जशी होते तशी होते."

"तेच," दादा म्हणाले. "काढ ते कार्ड. काकूला सांग मिक्सर थांबवायला, आणि एकेक गेम सावकाश टाकू."