गळतीखाली पुठ्ठा

तारापूरला 1969 साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, शेजारी बोईसरला एमआयडीसी वाढली आणि बोईसरकर 'परमिट', 'शटडाऊन', 'सील' हे शब्द झोपेतही बोलू लागला. कारखान्यात पंपाचं सील बदलायचं तर याला लेखी परवानगी लागते, फिटर लागतो, हेल्पर लागतो. सुट्टीच्या दिवशी हाच गृहस्थ जुनी स्प्लेंडर दारात उभी करतो आणि सोबतीला फक्त मोबाइलवरचा व्हिडिओ घेतो.

क्लच घसरतोय. खरं तर आधी लिव्हरला थोडी ढील आहे का, एवढंच बघायचं असतं. केबल ताणलेली असेल तर नव्या प्लेटाही घसरतील. पण केबल सैल करण्यात कसला आलाय पुरुषार्थ? कव्हर उघडतं, पॅकिंग फाटतं, त्याजागी सिलिकॉन येतं, तेही केकवरच्या क्रीमसारखं. नव्या प्लेटा तेलात भिजवून बसवायच्या. या कोरड्याच चढतात. वरून मेहुण्याच्या कारचं उरलेलं ऑइल. त्यातली घर्षण कमी करणारी रसायनं ओल्या क्लचला नेमकी नको असतात, पण फुकट ते पौष्टिक! हात लागलाच आहे म्हणून पुढच्या शॉकअपचंही सील स्क्रूड्रायव्हरने उचकटलं जातं, आत ओरखडा पडतो आणि नवं सील पहिल्याच पालघर फेरीत पाझरतं. कारखान्यातल्या गळतीची रजिस्टरात नोंद होते; घरच्या गळतीखाली पुठ्ठा सरकतो.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे.

"आधी कोणी उघडली होती का?"

"छे हो! कंपनीतून आली तशीच आहे."

खिशात क्लचची एक स्प्रिंग असते.